अण्णांना कशाला त्रास

पत्रिका चांगली जाडजूड होती. वर गणपती, आत दोन्हीकडचे कुलस्वामी आणि मागच्या पानावर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे निमंत्रकांची लांबलचक यादी. त्या यादीतून भावकीतला एकही पुरुष सुटता कामा नये. सुटला तर तो लग्नात येईल, पण जेवायचा नाही. चौथं नाव अण्णांचं होतं, माझ्या वडिलांचं. पुढं 'निवृत्त वाहक, एस. टी.' असंही छापलेलं. चुलतभावानं पत्रिकेला हळदकुंकू लावून ती दादाच्या हातात दिली, चहा घेतला आणि चपला घालता घालता म्हणाला, "सगळ्यांनी यायचं बरं का. आदल्या दिवशी हळदीलाच या. अण्णांना तेवढं आणू नका. गर्दी असती, डीजे असतो. त्यांना कशाला त्रास."

अण्णा हातभर अंतरावर बसले होते, लसूण सोलत. त्यांनी मान वर करून चुलतभावाकडं बघितलं आणि विचारलं, "तुमचे सुट्टे राहिलेत का?"

चुलतभाऊ दादाकडं बघून हसला, मग माझ्याकडं बघून हसला. अण्णांकडं त्यानं बघितलं नाही.

नाव पाहिजे, माणूस नको. मला त्याचा राग आला, पण तो जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंतही टिकला नाही. कारण हेच वाक्य गेल्या सहा-सात वर्षांत मी स्वतः किती जणांना ऐकवलं होतं ते मला आठवत होतं. वास्तुशांतीला, बारशाला, माझ्याच मुलाच्या मुंजीला. 'अण्णांना कशाला त्रास.' म्हणताना आपण किती काळजीवाहू आहोत असंही वाटायचं.

सुट्ट्यांची भानगड सांगायला हवी.

अण्णा १९६८ साली एस. टी.त कंडक्टर म्हणून लागले आणि २००२ला निवृत्त झाले. यातली बहुतेक वर्षं कराड-पाटण-चिपळूण या एकाच वाटेवर गेली. मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, कोयनानगर, घाटमाथा, मग कुंभार्ली उतरून पोफळी, शिरगाव, चिपळूण. खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे, बोटांत पंच. त्या काळी शिकायला कराडात खोली घेऊन राहिलेल्या पोरांचे जेवणाचे डबे गावाकडून एस. टी.नं यायचे. पहाटेच्या गाडीला आया फाट्यावर उभ्या असायच्या, डबा फडक्यात बांधलेला. डब्यावर नाव वगैरे काही नसायचं, आणि नाव लिहायला येणाऱ्या आयाही थोड्याच होत्या. फडक्याचा रंग आणि गाठ बघून कुठला डबा कुणाच्या पोराचा हे अण्णा ओळखायचे. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा त्याच फाट्यावर परत.

सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागं पेनानं आकडा लिहून देतो, उतरताना मागून घ्यायचे. माणसं उतरायच्या घाईत विसरतात. अण्णा विसरायचे नाहीत. आठ दिवसांनी तोच माणूस गाडीत दिसला की तिकीट फाडायच्या आधी, "तुमचे साठ पैसे राहिलेत." मग तो माणूस हे घरी जाऊन सांगायचा, आणि घरचे चारचौघांत. साठ पैशांत अण्णांनी त्या खोऱ्यात जी पत कमावली ती मला पुण्यात तीस वर्षं नोकरी करून कमावता आलेली नाही. लग्नाची बैठक असो, भावकीतल्या बांधाचा तंटा असो, कुणाच्या म्हाताऱ्यानं मरताना नक्की काय सांगितलं होतं याचा वाद असो, "कंडक्टरला इचारा" हे ठरलेलं. सुपारी फुटताना ते बसलेले लागायचेच.

त्यांचा मान सगळा त्यांच्या आठवणीवर उभा होता. म्हणून पहिला तडा गेला तोही तिथंच, आणि लोकांच्या लक्षात यायच्या आधी तो त्यांच्या स्वतःच्या लक्षात आला असणार. २०१७च्या दिवाळीत त्यांनी वाण्याकडं जायचं अचानक बंद केलं. पाय दुखतो म्हणाले. पाय काही दुखत नव्हता. पाचशेच्या नोटेचा हिशोब दोनदा चुकला होता आणि वाण्याच्या पोरानं तो सगळ्यांसमोर दुरुस्त केला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आम्ही म्हणालो, वय झालं. शेजारचे म्हणाले, साठी बुद्धी नाठी. (ज्यानं ही म्हण केली त्यानं आसपास सत्तरी ओलांडलेली माणसं फारशी बघितली नसावीत. अण्णांची बुद्धी बहात्तरीपर्यंत तालुक्याला पुरत होती.) एका आत्यानं 'म्हातारचळ' हा शब्द वापरला, आणि शब्द असा की तो ऐकल्यावर पुढं काही विचारायचंच राहत नाही. सगळी मिळून आमची दीड वर्षं गेली.

पुढं पुण्यात मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी अण्णांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, वार विचारला, घड्याळ काढायला सांगितलं. अण्णांनी गोल सुरेख काढला आणि बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसवले, जत्रेच्या गाडीसारखे. आपलं चुकतंय हे त्यांना कळत होतं. कागद बाजूला सारून ते डॉक्टरांना म्हणाले, "टायमिंग इचारायचं तर गाड्यांचं इचारा." आणि कराड स्टँडवरून चिपळूणकडं सुटणाऱ्या त्यांच्या काळच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा त्यांनी धडाधड म्हणून दाखवल्या. डॉक्टर मनापासून हसले. मग माझ्याकडं वळले आणि त्यांनी विचारलं, "जेवण कसं आहे यांचं? झोप?" तिथून पुढची वीस मिनिटं त्या खोलीत अण्णा नव्हतेच.

निदान अल्झायमरचं. स्मृतिभ्रंशाचे प्रकार अनेक, त्यात सगळ्यात जास्त आढळणारा हा. मेंदूत आतल्या बाजूला, कानशिलाच्या सुमाराला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. नव्या घटनेची नोंद पक्की करायचं काम त्याचं, आणि या आजारात झीज सुरू होते ती बहुधा तिथून. मी ते दादाला अण्णांच्याच भाषेत सांगितलं: आजचं वेबिल (म्हणजे कंडक्टरचा रोजच्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद) भरलंच जात नाही, डेपोतली जुनी वेबिलं मात्र अजून जागेवर आहेत. सकाळी काय खाल्लं ते अण्णांना सांगता येत नाही. पण ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाटणजवळच्या घरी होते. आधी गोठ्यातली म्हैस कशी ओरडली आणि मग पाटावरची भांडी कशी चालत चालत भिंतीपर्यंत गेली हे ते आजही सांगतात, त्याच क्रमानं, एक शब्द इकडचा तिकडं न होता.

आणि आपण एकटे नाही हेही कळलं, त्याचा उपयोग शून्य झाला तरी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसं या ना त्या स्मृतिभ्रंशासह जगताहेत. पुरुषांपेक्षा बायका जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. मला प्रश्न पडला तो असा, की एवढी माणसं आहेत तर मग दिसत का नाहीत? लग्नात, देवळात, ग्रामसभेत, एस. टी.त?

कराडात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमाच्या बागेत निवृत्त लोकांचा कट्टा भरतो. अण्णा तिथं पंधरा वर्षं रोज संध्याकाळी जायचे. आजार कळल्यावरही दादा त्यांना सोडायचा. कुणी त्यांना 'येऊ नका' म्हणालं नाही, अशी माणसंच नव्हती ती. सुरुवातीला अण्णांनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तर ते ऐकून घ्यायचे. नंतर त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागले. मग अण्णा आले की बाकावर सरकून जागा करायची ती करेनासे झाले. एक दिवस दादा त्यांना घ्यायला गेला तर अण्णा बाकाशेजारी उभे होते, हात मागं बांधून, गाडीत जागा नसल्यावर कंडक्टर उभा राहतो तसे. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून दादानं नेणं बंद केलं. आम्ही कारण काय दिलं ते सांगायला नकोच.

त्यात अण्णांना ऐकूही कमी येत होतं. एस. टी.च्या इंजिनाशेजारी चौतीस वर्षं काढल्यावर येणारच. कानाचं यंत्र घ्यायचं मी तीन वर्षं लांबणीवर टाकलं, महाग आहे आणि ते हरवतील म्हणून. पुढं २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा अहवाल आला, त्यात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि माणसाला काही करता येण्याजोग्या १४ गोष्टी दिल्या आहेत. आयुष्यभर या सगळ्यांची काळजी घेतली तर जवळपास ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा पुढं ढकलता येतील असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत रक्तदाब, मधुमेह आहेतच. कमी ऐकू येणंही आहे, आणि माणसांत मिसळणं तुटणंही आहे. ती यादी मी दोनदा वाचली आणि फोन पालथा ठेवला. अण्णांचा आजार यंत्र न घेतल्यामुळं झाला असं कुणीच म्हणणार नाही. पण कट्ट्यावर शब्द नीट न पोचल्यामुळं ते गप्प बसायचे आणि आम्ही ते सगळं आजाराच्या खात्यावर टाकायचो, एवढं मात्र खरं.

टॉम किटवुड नावाचे एक मानसशास्त्रज्ञ इंग्लंडात ब्रॅडफर्डला होते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांशी आजूबाजूचे लोक कसे वागतात याची त्यांनी बारकाईनं टिपणं केली आणि १९९७ साली ती पुस्तकात मांडली. माणूस समोर असताना तो नसल्यासारखं बोलणं, त्याला झेपणार नाही अशा वेगानं बोलणं, त्याला लहान मूल करून टाकणं, तो करत असलेलं काम त्याच्या हातातून काढून घेणं, अशी ती यादी. यातली बहुतेक माणसं दुष्ट नसतात, हेही किटवुड आवर्जून सांगतात. प्रेमळच असतात. मेंदूच्या झिजेनं माणूस जेवढा खचतो त्यात या प्रेमळ वागण्यानं भर पडत जाते, असं त्यांचं म्हणणं. माणूसपण हा नात्यांतून इतरांनी बहाल केलेला दर्जा असतो, अशी त्यांची व्याख्या आहे. मला त्यातला 'बहाल' हा शब्द खटकतो. म्हणजे आम्ही दिला तर आहे, नाही तर नाही? इनाम जमिनीसारखा?

पण मराठीत तो काढून कसा घेतला जातो ते रोज ऐकू येतं, कारण आपल्याकडं माणसाचा दर्जा सर्वनामात असतो. अण्णा आधी सगळ्यांचे 'तुम्ही' होते. मग समोर बसलेले असतानाही 'ते' झाले: "ते चहा घेतात का?" मग एक दिवस घरी रक्त घ्यायला आलेला विशीतला मुलगा म्हणाला, "आजोबा, हात पुढं कर. हां, शाब्बास." ज्या माणसाला पाटणच्या सभापतीनं कधी अरेतुरे केलं नाही त्याला. मुलगा मनानं चांगला होता, सुईही हळू टोचली त्यानं. आणि त्याला बोलायचा मला काय अधिकार? मीच मैत्रिणीला फोनवर सांगत होते, "अगं, आता आमचं बाळच झालंय ते." नपुंसकलिंग.

बँकेतली गोष्ट यापेक्षा वाईट. अण्णांचं पेन्शन फार नाही, एस. टी.वाल्यांचं नसतंच, पण ते स्वतःच्या सहीनं काढायचे आणि नोटा मोजून वहिनीच्या हातात द्यायचे. सही डौलदार, खाली दोन रेघा आणि दोन टिंबं. चौतीस वर्षं रोज वेबिलावर केलेली. २०२२मध्ये ती बदलायला लागली. अक्षरं चढायची, शेवट यायच्या आधीच हात थांबायचा. काउंटरवरच्या बाईंनी स्लिप परत केली. दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा साहेबांनी आम्हाला आत बोलावलं आणि म्हणाले, अंगठा घेऊ, दोन साक्षीदार आणा. नियमाला धरूनच होतं ते. शाईचं पॅड पुढं आलं तसा अण्णांनी हात मागं घेतला. "मी अंगठेबहाद्दर न्हाई," असं एवढ्या मोठ्यानं म्हणाले की रांग वळून बघायला लागली. साहेब मला हळूच म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी यांना घरीच ठेवा. यांनाही त्रास, आम्हालाही."

त्या रात्री मी आजाराविषयी वाचत बसले होते तेव्हा ऑगस्टे भेटली. जर्मनीतली बाई, वय ५१, १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेली. तिला तपासणारे डॉक्टर अलॉइस अल्झायमर. १९०६ साली ती गेल्यावर तिच्या मेंदूत काय सापडलं ते त्यांनी सभेपुढं मांडलं आणि पुढं आजाराला त्यांचं नाव पडलं. त्यांनी तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरं यांचे कागद १९९५मध्ये फ्रँकफर्टलाच पुन्हा सापडले. त्यात आहे: तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. तिनं 'श्रीमती' एवढं लिहिलं आणि पुढचं विसरली. ती म्हणायची, मी मला हरवून बसले आहे. नाव गेलं, पण 'श्रीमती' उरलं होतं, हे मला फार वेळ डोक्यातून काढता आलं नाही. अण्णांच्या सहीतलं नाव मोडलं होतं. खालच्या दोन रेघा अजून ठसठशीत यायच्या.

नावांवरून आठवलं, जपानमध्ये या आजाराला पूर्वी 'चिहो' म्हणत. ज्या चित्रलिपीत तो शब्द लिहायचे तिचा अर्थ मूर्ख, बावळट असा निघायचा. २००४ साली सरकारनं तो बदलून 'निन्चिशो' केला, म्हणजे आकलनाचा विकार. शब्द बदलल्यानं माणसं बदलत नाहीत असं माझा नवरा म्हणतो. असेल. पण 'म्हातारचळ' म्हटल्यावर कुणी डॉक्टरकडं नेत नाही, हे आमच्याच घरात सिद्ध झालं आहे.

आता वहिनी. हा लेख खरं तर तिनं लिहायला हवा, पण तिला वेळ नाही. मी महिन्यातून दोन शनिवार-रविवार येते, वाचलेलं सांगते आणि सोमवारी पहाटेच्या शिवशाहीनं परत जाते. वहिनीनं यातलं काही वाचलेलं नाही. अण्णा दुपारी चारला दाराशी जाऊन उभे राहतात, ड्युटीची वेळ झाली म्हणून. मी त्यांना समजावायचे: अण्णा, तुम्ही रिटायर झालात, बावीस वर्षं झाली. त्यांचा चेहरा पडायचा आणि दहा मिनिटांनी ते पुन्हा दाराशी. वहिनी समजावत नाही. ती विचारते, "कुठली गाडी आज?" चिपळूण म्हणाले तर म्हणते, "लेट हाय ती. तवर एवढा लसूण सोलता का?" लसूण खरोखरच घरात लागतो आणि अण्णांची बोटं अजून पक्की आहेत. संध्याकाळी ती त्यांच्यापुढं चिल्लरीचा डबा ठेवते. रुपये, दोन, पाच, दहाची नाणी. ते ढीग लावतात, मोजतात, वहीत आकडा लिहितात. बेरीज चुकते. ती वही नीट ठेवून देते.

मी एकदा तिला म्हटलं, तुला कुणी शिकवलं गं हे? ती म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? घरात मोठं माणूस हाय, मोठ्या माणसागत ऱ्हाऊ द्यायचं." आणि कुकर लावायला गेली.

पण या सगळ्यात तीही कट्ट्यावरून उठलीच. भिशी सुटली, कारण दर महिन्याला कुणाच्या तरी घरी दोन तास जायचं तर अण्णांजवळ कोण? हळदीकुंकवाला बायका तिला बोलवेनाशा झाल्या, 'तुझी ओढाताण कशाला' म्हणून. तिच्याही वाट्याला तेच वाक्य आलं, फक्त नाव बदलून. शिवाय घरात माझी भाची लग्नाची. एका स्थळानं मध्यस्थाकरवी विचारलं, आजोबांना वेडाचा काही प्रकार आहे असं ऐकलं, पोरीत उतरणार नाही ना? थेट आईबापांकडून मुलांत उतरणारा प्रकार अगदी विरळा असतो, आणि तो बहुधा खूप कमी वयात सुरू होतो. अण्णांना सुरू झालं ते सत्तरीनंतर. हे मी त्या मध्यस्थाला फोनवर अर्धा तास सांगितलं. ते स्थळ गेलं ते गेलंच.

एका बाबतीत मात्र दादा अडून बसला, आणि मी चुकीच्या बाजूला होते. ७ मे २०२४, लोकसभेचं मतदान. घरी येऊन मत नोंदवून घ्यायची सोय ८५च्या पुढच्यांना होती, अण्णा ८०चे. मी फोनवर म्हटलं, राहू दे ना, ऊन किती आहे, त्यांना कळणार तरी आहे का कोण उभं आहे ते? दादा म्हणाला, "मला तरी कुठं कळतंय, कोण कुठल्या पक्षात हाय ते?" मग मी कायदा काढून बघितला. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणं, विकल मनाच्या माणसाचं नावही न्यायालयानं तसं जाहीर केलं असेल तरच यादीतून जातं. डॉक्टरच्या चिठ्ठीनं नाही, पोरांच्या मतानं तर नाहीच. अण्णांचं नाव यादीत होतं. ते पांढरी टोपी घालून गेले, शाई लावून घेतली आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागं एकटे गेले. बराच वेळ लागला. मग यंत्राचा लांब आवाज आला आणि बाहेर येताना अण्णा खोलीतल्या सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "डबल!" ('डबल' म्हणजे दोन घंटा, म्हणजे गाडी सोडा.) मत कुणाला दिलं ते देवाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या बोटाकडं बघून विचारत होते, हे काळं काय लागलंय? वहिनी सांगायची, मत दिलं तुम्ही. दरवेळी ते ताठ बसायचे. शाई जाईपर्यंत रोज.

तर लग्न.

आम्ही अण्णांना नेलं. हळदीला नाही, अक्षतांना. वहिनीनं त्यांचं धोतर इस्त्री केलं, दादानं दाढी केली, मी कानाचं यंत्र बसवलं. चुलतभावाचं तोंड बघण्यासारखं झालं, पण दारातून परत कसं पाठवणार? पहिल्या रांगेत मानकऱ्यांना फेटे बांधणं चाललं होतं. फेटेवाला सराईत, एकेका डोक्याला मिनिटभर. अण्णांच्या खुर्चीपाशी आल्यावर चुलतभावानं त्याला डोळ्यानं खुणावलं आणि तो पुढच्या डोक्याकडं गेला. अण्णांच्या वाट्याचा फेटा घडी करून मागच्या खुर्चीवर ठेवून दिला. ते काढून टाकतील, हरवतील, काय ते. मी बघितलं आणि बोलले नाही. लग्नघर, उगीच तोंड कशाला वाजवा.

तेवढ्यात एक म्हातारी रांगांमधून वाट काढत आली. नऊवारी, डोक्यावर पदर, वय अण्णांएवढंच. "आवं कंडक्टर! ओळखलं का? मल्हारपेठच्या फाट्यावरची. हिरव्या फडक्याचा डबा!" तिचा मुलगा त्या डब्यावर शिकून इंजिनिअर झाला होता, तो नातेवाईकाचा कुणी लागत होता. अण्णांनी तिला ओळखलं नाही. ओळखल्यासारखंही केलं नाही. ते त्यांना कधी जमलंच नाही. त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "तुमचे सुट्टे राहिलेत का?"

मी घाईनं सांगायला लागले, आजी, त्यांना जरा आठवत नाही, ते सगळ्यांनाच…

"राहिलेत की," म्हातारी म्हणाली. "चार आणं." आणि तिनं हात पुढं केला.

अण्णांनी कोटाचे खिसे चाचपले. डावा, उजवा, आतला. वहिनीनं मागून त्यांच्या हातात रुपयाचं नाणं सरकवलं. ते त्यांनी उजेडात धरून बघितलं आणि म्हातारीच्या तळव्यावर ठेवलं. तिनं ते कपाळाला लावून कनवटीला खोचलं आणि म्हणाली, "फिटलं बगा." गेली सात वर्षं आम्ही त्यांना 'नाही हो अण्णा, कुणाचे नाही राहिले' असं सांगत होतो.

इथं थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण अक्षता पडल्या आणि डीजे सुरू झाला. जमीन हादरायला लागली तसं अण्णांनी कानावर हात दाबले आणि ते ओरडायला लागले, "भाईर पडा, भाईर पडा, भिंत येतीय!" त्यांच्या डोळ्यांपुढं १९६७ची पहाट होती. दोन पोरं मोबाईलवर चित्रण करत होती. धोतर ओलं झालं. वहिनीनं स्वतःची शाल त्यांच्या कमरेला गुंडाळली आणि आम्ही मागच्या दारानं, आचाऱ्यांच्या पातेल्यांमधून त्यांना बाहेर काढलं. चुलतभाऊ तिथपर्यंत आला. काही बोलला नाही, बोलायची गरजही नव्हती. यंत्र कानातून काढायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रिक्षात अण्णा शांत झाले. मधे ते, एका बाजूला मी, एका बाजूला वहिनी, दादा पुढं ड्रायव्हरला चिकटून. अण्णा बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत होते, एकेक, मोठ्यानं. वाचता त्यांना अजून येतं. मग म्हणाले, "कुणाचं लगीन होतं?"

मी सांगितलं.

"मला बोलावलं हुतं?"

पत्रिका माझ्या पर्समध्येच होती. मागचं पान काढून दाखवलं. त्यांनी पहिल्या नावापासून सुरुवात केली, प्रत्येकावर बोट ठेवून, रिझर्व्हेशनचा तक्ता तपासल्यासारखं. चौथ्या नावावर बोट थांबलं. नाव पूर्ण वाचलं, 'निवृत्त वाहक' वाचलं. मग डोक्यावरून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, आणि माझ्याकडं वळून दरडावून विचारलं, "मग फेटा कुठाय माझा?"

रिक्षा कृष्णा नाक्यापर्यंत आली होती. दादानं ती वळवायला सांगितली.